गुडघ्यातल्या पाण्याचं कल्चर निगेटिव्ह आलंय, फेज टेस्ट कुठे होईल?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्याला राहता. आईंचं वय 67, उजव्या गुडघ्याचं जॉइंट रिप्लेसमेंट दीड वर्षापूर्वी झालं. गेले चार महिने गुडघा दुखतो, हात लावला तर गरम लागतो. फॅमिली डॉक्टरांनी दहा दिवस अँटिबायोटिक दिलं, थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 28 आलं. ऑर्थोपेडिक सर्जननी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी 6,200, त्यातल्या 86 टक्के न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितल्यावर, 48 तासांनी ‘नो ग्रोथ’. सर्जन म्हणतात इन्फेक्शनच आहे, सांधा दोन टप्प्यांत बदलावा लागेल. इकडे तुम्ही वाचलंत की बॅक्टेरिओफेज (थोडक्यात फेज, जिवाणूंना मारणारे विषाणू) वापरून सांध्यातलं इन्फेक्शन काही तासांत ओळखता येतं. म्हणून विचारताय की ही टेस्ट ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे होते आणि तिचा निकाल येईपर्यंत ऑपरेशन थांबवावं का.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि सांध्यांचे नमुने बघणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तेव्हा थेट उत्तर आधी देते. कृत्रिम सांध्यासाठीची फेज टेस्ट अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये जावं आणि करून घ्यावी अशी ती तपासणी नाही. तिच्यासाठी ऑपरेशन थांबवू नका. पण कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे सगळे मार्ग संपले असंही नाही. जे आत्ता, इथेच करता येण्यासारखं आहे त्यातलं बरंच तुमच्या बाबतीत अजून झालेलं दिसत नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. ‘इन्फेक्शन आहे का’ आणि ‘कोणत्या जंतूचं आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या मनात ते एकात एक मिसळलेत. पहिल्याचं उत्तर द्यायला जंतू सापडलाच पाहिजे असं नाही. कृत्रिम सांध्याच्या इन्फेक्शनसाठी 2018 साली ठरलेले निकष आहेत, त्यात प्रत्येक गोष्टीला गुण असतात. रक्तातलं सीआरपी 10 च्या वर असेल तर 2, सांध्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी 3,000 च्या वर असतील तर 3, न्यूट्रोफिल 80 टक्क्यांच्या वर असतील तर 2. बेरीज 6 किंवा जास्त झाली की इन्फेक्शन धरतात. आईंची बेरीज 7 होते. म्हणजे कल्चर कोरं असूनही तुमचे सर्जन जे म्हणतायत त्याला आधार आहे.

अर्थात हे आकडे रुग्णाकडे न बघता वाचायचे नसतात. आईंना संधिवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल तर सीआरपी आणि पेशी त्यानेही वाढतात. पाण्यात गाऊटचे किंवा तत्सम स्फटिक असतील तरी पेशी वाढतात, म्हणून मायक्रोस्कोपखाली स्फटिक बघितले होते का ते विचारा. आणि सीआरपीचं एकक तपासा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. 10 आणि 1 हे दोन आकडे एकच असू शकतात आणि दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले की घरच्यांची हमखास गफलत होते. तुम्ही लिहिलेलं 28 हे मी मिलिग्रॅम प्रति लिटर धरलंय.

आता दुसरा प्रश्न, जंतू कोणता. तो कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढचे कित्येक आठवडे कोणतं औषध द्यायचं, सिमेंटच्या स्पेसरमध्ये (जुना सांधा काढल्यावर नवा बसवेपर्यंत मध्ये ठेवतात तो ठोकळा) कोणतं अँटिबायोटिक मिसळायचं, हे सगळं त्यावर ठरतं. फेजचा विषय नेमका इथे येतो.

बॅक्टेरिओफेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. माणसाच्या पेशींना ते हात लावत नाहीत आणि प्रत्येक फेजचे जिवाणू ठरलेले असतात. हा विषय आपल्याकडे परका नाही. 1896 साली आग्र्यात काम करणाऱ्या हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मारणारं काहीतरी आहे आणि पाणी उकळलं की तो गुण जातो, असं नोंदवलं होतं. पुढे 1915 मध्ये ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये द’हेरेल यांनी फेजची ओळख करून दिली. निदानासाठी फेज वापरणंही जुनंच आहे. एकाच जातीच्या जिवाणूंमधले प्रकार वेगळे करायला ‘फेज टायपिंग’ कित्येक दशकं चालत होतं. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात साल्मोनेलासाठी त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे.

सांध्याच्या बाबतीत जे काम झालंय त्यातलं मला सगळ्यात नेटकं वाटतं ते स्लोव्हेनियातल्या गटाचं. त्यांनी ‘फेज के’ नावाचा फेज घेतला. तो स्टॅफिलोकोकस (थोडक्यात स्टॅफ) कुळातल्या पुष्कळ जिवाणूंवर चालतो. एक पद्धत अशी: नमुन्यात फेज घालायचा. जिवंत स्टॅफ असेल तर फेज त्याला चिकटतो, आत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि शेवटी जिवाणू फोडून बाहेर येतो. जिवाणू फुटला की त्याच्या आतलं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, बाहेर पडतं. त्यात ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही काजव्याची रसायनं मिसळली की उजेड पडतो आणि तो यंत्राने मोजता येतो. शेजारी फेज न घातलेला तोच नमुना ठेवायचा आणि दोघांतला फरक बघायचा. दुसऱ्या पद्धतीत उजेडाऐवजी फेजचा डीएनए मोजतात. थोडा फेज घातला आणि काही वेळाने तो पुष्कळ झाला, तर त्याला वाढायला जिवंत यजमान मिळाला हे उघड आहे.

यातला ‘जिवंत’ हा भाग मला खरंच मोलाचा वाटतो. पीसीआर मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा दाखवतो. अँटिबायोटिकने जंतू मेले असतील तरी पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि मग सर्जन मला विचारतात की हे आजचं इन्फेक्शन की कालचं. फेज मेलेल्या जिवाणूत वाढत नाही. शिवाय कल्चरला दिवस लागतात, इथे काम तासांत होतं. औषधाचा अंदाजही घेता येतो. रक्ताच्या पॉझिटिव्ह कल्चरमधून एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) आहे की साधा स्टॅफ ऑरियस, हे फेजची वाढ बघून काही तासांत सांगणाऱ्या एका किटला 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली होती. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

मग सांध्यासाठी ती अजून हातात का नाही? पहिली अडचण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. ज्या कामाबद्दल मी सांगितलं त्यात मुख्यतः तपासलं गेलं ते काढलेल्या इम्प्लांटवरचं द्रव. म्हणजे सांधा आधीच बाहेर आलेला. ऑपरेशन टाळायला किंवा ऑपरेशनआधी जंतू कळायला त्या नमुन्याचा उपयोग नाही. गुडघ्यातून सुईने काढलेल्या पाण्यावर हेच करायचं तर ते कितीतरी कठीण जातं. आईंच्या पाण्यात प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये 6,200 पांढऱ्या पेशी आहेत आणि त्या प्रत्येकीत तिचं स्वतःचं एटीपी आहे, जिवाणूपेक्षा कितीतरी जास्त. पाणी चिकट असतं. त्यातल्या प्रथिनांमुळे स्टॅफचे गठ्ठे होतात आणि फेजला आतल्या जिवाणूंपर्यंत पोचायला वाट सापडत नाही.

दुसरी अडचण बायोफिल्मची. धातूवर किंवा प्लास्टिकवर जिवाणू पाण्याच्या टाकीच्या आतल्या बुळबुळीत थरासारखे बसतात. सांध्याच्या पाण्यात मोकळे तरंगणारे फार थोडे. थराच्या तळाशी असलेले जवळजवळ झोपलेले असतात. फेजला वाढायला जिवाणूची चालू यंत्रणा लागते, झोपलेल्या जिवाणूत तो नीट वाढत नाही. रुग्ण अँटिबायोटिकवर असेल तर हे आणखी अवघड. म्हणजे ज्या कारणाने कल्चर निगेटिव्ह येतं त्याच कारणाने फेज टेस्टही निगेटिव्ह येऊ शकते. आईंचं दहा दिवसांचं अँटिबायोटिक दोन्ही तपासण्यांच्या आड आलं असतं.

तिसरी अडचण म्हणजे स्टॅफसाठीचा फेज स्टॅफच सांगतो. कृत्रिम सांध्यांच्या इन्फेक्शनमध्ये निम्म्याहून जास्त वाटा स्टॅफचा असतो हे खरं, पण स्ट्रेप्टोकोकस, एन्टेरोकोकस, ई. कोलाय, स्युडोमोनास, क्युटिबॅक्टेरियम, बुरशी आणि आपल्याकडे टीबी, यातलं काहीही त्यात दिसणार नाही. स्टॅफचेही सगळे स्ट्रेन एका फेजला बळी पडत नाहीत. तेव्हा पॉझिटिव्ह आली तर कामाची, निगेटिव्ह आली तर तिच्यावरून काही ठरवता येणार नाही.

इथवरचं थोडक्यात: इन्फेक्शन आहे हे जवळपास ठरलेलं आहे, जंतूचं नाव हवं आहे, आणि ते नाव फेजकडून आज मिळण्यासारखं नाही. मग कुठून मिळेल ते आता जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात जंतू हुकतो तो बहुतेक वेळा नमुना घेताना किंवा लॅबमध्ये घाई झाल्यामुळे. नवं तंत्र नाही म्हणून हुकतो असं क्वचितच होतं.

आजच करा असं एक काम आहे. ज्या लॅबने कल्चर केलं तिथे फोन करा. 48 तासांचा रिपोर्ट हा प्राथमिक रिपोर्ट असतो. कृत्रिम सांध्याचा नमुना आम्ही 14 दिवस ठेवतो, कारण क्युटिबॅक्टेरियमसारखे जंतू दुसऱ्या आठवड्यातही उगवतात. त्यांना सांगा की हा प्रोस्थेटिक जॉइंटचा नमुना आहे, प्लेटा आणि ब्रॉथ (जंतू वाढवायच्या ताटल्या आणि द्रव) टाकू नका, 14 दिवसांपर्यंत बघा. पुष्कळदा फॉर्मवर नुसतं ‘नी फ्लुइड’ लिहिलेलं असतं. मग लॅब ते साध्या पाण्यासारखं हाताळते, त्यात लॅबचा दोष नाही. स्टॅफचाही एक छुपा प्रकार असतो, स्मॉल कॉलनी व्हेरियंट म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी प्लेट स्वच्छ दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उजेडात तिरकी धरून भिंगातून बघितली की रेघेच्या कडेने अगदी बारीक, रंग नसलेले ठिपके दिसतात. कॅलेंडर बघून प्लेट टाकून दिली असती तर ते कुणालाच दिसले नसते.

मग सर्जनना विचारा की पाणी पुन्हा काढता येईल का. अँटिबायोटिक बंद करून किमान दोन आठवडे झाल्यावर काढलेलं पाणी खूप जास्त बोलकं असतं. मात्र हे पूर्णपणे आईंच्या तब्येतीवर अवलंबून आहे. ताप, थंडी वाजणं, टाक्यांच्या जागेतून पू, गुडघा अचानक सुजणं यातलं काही असेल तर दोन आठवडे थांबायची चैन नाही, आणि ते सर्जननी ठरवायचं. तब्येत स्थिर असेल तर थांबण्याचा फायदा मोठा आहे. तोवर कुणीही, अगदी प्रेमापोटीसुद्धा, ‘एक कोर्स करून बघू’ म्हणून गोळ्या देऊ नयेत.

पाणी काढताना काही गोष्टी पाळल्या तर फरक पडतो. पाणी कमी आलं म्हणून आत सलाइन सोडून परत ओढू नये, त्याने पेशींचा आकडाही बिघडतो. सुईच्या वाटेवर भूल द्यायला हरकत नाही, पण ती सांध्याच्या आत सोडू नये, कारण लिग्नोकेनने जिवाणूंची वाढ दबते. पाण्याचे भाग करावेत: काही जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये पेशी मोजायला, काही सरळ ब्लड कल्चरच्या बाटल्यांमध्ये, एरोबिक आणि अॅनेरोबिक दोन्ही, आणि उरलेलं निर्जंतुक डबीत. ब्लड कल्चरची बाटली तिथल्या तिथे भरली तर पुढचा उशीर तितका बाधत नाही. ठाण्याहून आमच्याकडे येणारा नमुना संध्याकाळी ऐरोलीच्या पुलावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकला की डबीतलं पाणी तासन्‌तास तसंच राहतं. नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही हेही नेणाऱ्या माणसाला सांगावं लागतं.

पीसीआरचं पॅनेल इकडे काही मोठ्या लॅबमार्फत होतं आणि सर्जन सुचवतील तर जरूर करा, पण यादीत कोणते जंतू आहेत ते आधी विचारा. बायोफायर कंपनीच्या सांध्याच्या पॅनेलमध्ये स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नाहीत. दीड वर्षाने हळूहळू दुखायला लागलेल्या गुडघ्यात मला पहिला संशय नेमका अशाच मंद जंतूंचा येतो. त्यामुळे ते पॅनेल निगेटिव्ह आलं तर सुटलो असं समजू नका.

आणि आता ऑपरेशन. तुम्ही त्याकडे निदान झाल्यावरची पायरी म्हणून बघताय. माझ्यासाठी ते निदानाची सगळ्यात मोठी संधी आहे. सांधा उघडल्यावर आतल्या वेगवेगळ्या जागांहून पाच ते सहा तुकडे हवेत, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ चिमट्याने, प्रत्येक वेगळ्या डबीत, वर जागेचं नाव. दोन तुकड्यांत एकच जंतू आला तर तो खरा. सहापैकी एकातच एपिडर्मिडिस आला तर तो कातडीवरचा असू शकतो. एकच तुकडा पाठवला तर मला हा निवाडा करताच येत नाही. कापसाचा स्वॅब पाठवू नये, त्यात फारच कमी जंतू येतात. आणि कल्चरच्या डब्या फॉर्मेलिनच्या डब्यांपासून लांब ठेवाव्यात. पॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिन लागतं, पण त्यात पडलेल्या तुकड्यातून काहीही उगवत नाही. असा तुकडा हातात आला की माझा जीव तुटतो, कारण ती जागा पुन्हा उघडता येणार नसते.

काढलेलं इम्प्लांट फेकू नये. ते झाकणाच्या निर्जंतुक डब्यात घालून लॅबला पाठवावं. आम्ही त्यात रिंगर द्रव ओततो, डबा जोरात हलवतो, अल्ट्रासाउंडच्या टबमध्ये मिनिटभर ठेवतो, पुन्हा हलवतो. धातूला चिकटलेला थर सुटतो आणि द्रवात येतो. त्याला सॉनिकेशन म्हणतात, आणि स्लोव्हेनियाच्या गटाने फेज घातला तोही अशाच द्रवात. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या 2007 च्या अभ्यासात तुकड्यांच्या कल्चरने 60.8 टक्के इन्फेक्शनं पकडली, सॉनिकेशनने 78.5 टक्के. ज्यांनी ऑपरेशनआधीच्या 14 दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात फरक आणखी मोठा होता: 45 विरुद्ध 75. प्रत्येक हॉस्पिटलात ही सोय नसते, पण डबा दुसऱ्या लॅबला पाठवता येतो. त्याची व्यवस्था ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पक्की करावी लागते. ऑपरेशन चालू असताना धावपळ करून ते जमत नाही.

टीबीचा विचार आपल्या भागात सोडून चालत नाही. तुकड्यांपैकी एक जीनएक्स्पर्ट (टीबीची झटपट डीएनए तपासणी) आणि टीबी कल्चरला जायला हवा. ते कल्चर सहा आठवड्यांपर्यंत ठेवतात. याचं आणखी एक कारण आहे. स्टॅफ निघाला तर रिफॅम्पिसिन हे बायोफिल्मवर चालणारं महत्त्वाचं औषध, आणि तेच टीबीचंही मुख्य औषध. टीबीची शंका न फेडता ते सुरू केलं तर टीबी अर्धवट दबून निदान आणखी लांबतं. ते एकट्यानेही कधी देत नाहीत, त्याला जंतू लगेच दाद देईनासे होतात.

सर्जनशी बोलायला जाल तेव्हा हे सगळं ऐकवायची गरज नाही. एवढंच विचारा: पाणी पुन्हा काढायचं का, ऑपरेशनमध्ये किती तुकडे पाठवणार, इम्प्लांट सॉनिकेशनला जाईल का, टीबीची तपासणी होईल का, आणि कल्चर 14 दिवस ठेवायला लॅबला कोण सांगेल. चांगल्या सर्जनना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट पुष्कळ जण तिथल्या तिथे लॅबला फोन लावतात.

फेजने उपचार करण्याबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. जॉर्जियात त्बिलिसीच्या एलियावा इन्स्टिट्यूटमध्ये ते फार वर्षांपासून चालतात आणि फ्रान्स, अमेरिकेत कृत्रिम सांध्याच्या काही रुग्णांना ते दिलेही गेलेत, बहुधा बाकी सगळं करून झाल्यावर. पण त्यासाठीसुद्धा आधी रुग्णाचा जंतू लॅबमध्ये वाढवावा लागतो, मग त्यावर चालणारा फेज शोधतात. म्हणून ऑपरेशनमध्ये जो जंतू उगवेल तो जपून ठेवायला लॅबला सांगा, आम्ही तो उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षं ठेवू शकतो. लॅबने पहिल्या नमुन्याच्या प्लेटा ठेवल्या असतील आणि पुढच्या काही दिवसांत त्यावर काही उगवलं, तर तो रिपोर्ट नाव-गाव खोडून इथे टाका. औषधांच्या यादीतलं काय बघायचं ते मी सांगेन.